डोक्याचा मुका मार आणि मैदानावर परतणं

पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर ३१ जानेवारी २०२५ च्या रात्री शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. भारत-इंग्लंड मालिकेतला चौथा टी-ट्वेंटी सामना होता आणि भारताच्या डावातलं शेवटचं षटक जेमी ओव्हरटन टाकत होता. दुबेच्या ५३ धावा झाल्या, पण इंग्लंडची फलंदाजी सुरू झाली तेव्हा तो मैदानात उतरला नाही. ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’, म्हणजे डोक्याला मुका मार बसलेल्या खेळाडूचा बदली, म्हणून हर्षित राणा आला, त्याने तीन बळी घेतले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला. पुढे वाद पेटला तो राणावरून. अष्टपैलू खेळाडूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, हा प्रश्न सगळीकडे चघळला गेला. दुबेचं डोकं आता कसं आहे, ही चौकशी त्या गदारोळात मागे पडली. २ फेब्रुवारीला वानखेडेवर पाचवा सामना झाला. दुबे खेळला. १३ चेंडूंत ३० धावा केल्या, दोन बळी घेतले.

मधे दोन रात्री गेल्या होत्या. यात नियमभंग कुठेच नव्हता, कारण तोवर अशा खेळाडूने किमान किती दिवस बाहेर बसावं हे आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नियमांत ठरलेलंच नव्हतं. त्याच वर्षी पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने किमान सात दिवसांची सक्तीची विश्रांती आणली.

सात दिवसांचा नियम शरीराला वेळ देतो. त्या सात दिवसांत खेळाडूच्या मनात, घरात, संघात काय चालतं, हा प्रश्न मात्र उरतोच. ही पुस्तिका त्या प्रश्नाविषयी आहे. ती वाचली जावी अशी अपेक्षा वानखेडेवर फारशी नाही. तिथे डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत, सगळं टिपणारे कॅमेरे आहेत. ती पोचायला हवी हुपरीसारख्या गावात. तालीम आहे, शाळेचं पटांगण आहे, यात्रेचं कुस्ती मैदान आहे, पण डोक्याला मार लागलेल्या पोराला ‘आज बस’ म्हणायचं नेमकं कुणी, हे जिथे ठरलेलं नाही, तिथे.

आधी मार म्हणजे काय ते. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात हलून एकदम थांबलं की हांड्यातलं पाणी हिंदकळावं तसा तो हिंदकळतो. पेशींमधल्या क्षारांचा तोल ढळतो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा पुरेसा पडत नाही. बहुतेक वेळा हाड मोडत नाही, रक्त येत नाही, सीटी स्कॅनही स्वच्छ असतो. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. बहुसंख्य खेळाडू शुद्धीवरच असतात. डोकं ठणकतं, गरगरतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, बोललेलं पटकन कळत नाही, झोप बिघडते, उगाच चिडचिड होते किंवा रडू येतं. कधी ही लक्षणं लगेच दिसतच नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणी झाली, तो ठीक वाटला, परत येऊन ९२ धावांपर्यंत पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला. मार्नस लाबुशेन त्याच्या जागी खेळला. कसोटीतला हा पहिला कन्कशन बदली खेळाडू.

हा मार दिसत नाही, आणि पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो. पायाला प्लॅस्टर असलेल्या पोराला कुणी ‘नाटक करतोस’ म्हणत नाही. डोक्याला मुका मार लागलेला पोरगा मात्र चालतो, बोलतो, जेवतो. तिसऱ्या दिवशी त्याला तालमीत ‘अजून किती दिवस?’ असं विचारलं जातं. आठव्या दिवशी तो स्वतःलाच तेच विचारू लागतो.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाच्या दोन जुन्या आठवणी पक्क्या आहेत, आणि दोन्ही वेस्ट इंडीजच्या. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, ते सहा दिवस बेशुद्ध होते. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं, आणि त्यांच्याबरोबर पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णी यांनीही. ही साधी कन्कशन नव्हती, फार मोठी इजा होती. तरी परतण्याची गोष्ट म्हणून ती पाहण्यासारखी आहे. डोक्यात धातूची पट्टी बसवलेले कॉन्ट्रॅक्टर वर्षभराच्या आत प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये परतले आणि पुढे कित्येक हंगाम खेळले. कसोटीचं दार मात्र पुन्हा उघडलं नाही. खेळायची त्यांची इच्छा होती. ते पुढे अनेकदा तसं बोलले. त्यांच्या बाबतीत खेळाडू तयार होता आणि भीती आजूबाजूच्यांना होती. परतणं एकट्या खेळाडूच्या हातात नसतं, हे त्यांच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत दिसत नाही.

दुसरी आठवण १९७६ ची, किंग्स्टनच्या सबाइना पार्कची. बडोद्याच्या मराठी घराण्यातला अंशुमन गायकवाड, चष्मा लावणारा, त्या काळच्या सगळ्यांसारखाच हेल्मेट नसलेला. मायकेल होल्डिंगच्या माऱ्यासमोर त्याने ८१ धावा केल्या आणि मग चेंडू कानावर बसला. कानाचा पडदा फाटला, रुग्णालयात न्यावं लागलं. त्या सामन्यात भारताचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला तेव्हा पडलेले गडी पाचच होते. बाकीचे पाच जण फलंदाजीला उतरण्याच्या स्थितीतच नव्हते. गायकवाड पुढच्याच हंगामात भारताकडून पुन्हा खेळला. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभं राहून त्याने २०१ धावा केल्या. त्याच वर्षी गयानात माल्कम मार्शलचा चेंडू सुनील गावसकरच्या डोक्यावर बसला होता आणि तो नाबाद १४७ धावांपर्यंत खेळत राहिला. त्यानंतर तो डोक्यावर छोटी संरक्षक टोपी घालून खेळताना दिसू लागला.

या गोष्टी थोर आहेत, आणि त्या सांगितल्या जायलाच हव्यात. पण त्या ज्या पद्धतीने सांगितल्या जातात त्यात एक धोका आहे. ‘त्याला डोक्याला लागलं तरी तो उभा राहिला’ इथे गोष्ट संपते. शस्त्रक्रिया, त्यानंतरचे महिने, पुढच्या वेगवान गोलंदाजासमोर उभं राहतानाची पहिली चार षटकं, घरच्यांची झोप, यातलं काही गोष्टीत येत नाही. ऐकणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराच्या हाती मग एकच माप लागतं: बसला तो कच्चा. या पुस्तिकेचा खरा झगडा त्या मापाशी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हे माप फार जुनं आणि फार प्रेमाने जपलेलं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचं मैदान १९१२ मध्ये बांधून घेतलं. बसलेल्या हजारोंना कुठूनही आखाडा दिसावा अशी त्याची रचना. गावोगावच्या यात्रांत हलगीच्या तालावर कुस्त्या होतात. शहरात फुटबॉलही तालमींच्याच नावाने खेळला जातो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अख्खी पेठ प्रेक्षकांत असते. अशा ठिकाणी खेळाडू एकटा खेळत नाही. त्याच्या अंगावर गल्लीची, तालमीची, वस्तादांची इज्जत असते. हेच बळ त्याला पहाटे चारला उठवतं, आणि डोकं गरगरत असताना ‘काय झालं न्हाई’ म्हणायलाही तेच लावतं.

हुपरीचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांचं. पैंजण, जोडवी, करदोडे, घुंगरं घरोघरी घडतात. काम बारीक. प्रखर दिव्याखाली मान खाली घालून, कडीला कडी जोडत, डोळा एका बिंदूवर रोखून तासन्‌तास बसायचं. शेजारी मशीनची खडखड आणि ठोकण्याचा आवाज. तालमीत जाणारा किंवा शाळेच्या संघात खेळणारा इथला पोरगा बऱ्याचदा या कामाला घरी हात लावतो. त्याच्या डोक्याला मार लागला की घरचे मायेने म्हणतात, ‘दोन दिवस तालमीत जाऊ नको, घरीच बसून काम कर.’ सांगणाऱ्याच्या मते ही विश्रांती असते. पण मार खाल्लेल्या मेंदूला जवळचं बघणं, झगझगीत उजेड आणि सततचा आवाज हेच सर्वांत जड जातं. दहा मिनिटांत डोकं ठणकू लागतं, कड्या दोन-दोन दिसायला लागतात, हातातलं काम चुकतं. तालमीत नाही आणि कामातही नाही, असा तो पोरगा घरात ओशाळून वावरतो. कुणी त्याला सांगितलेलं नसतं की हा त्रास दुखापतीचाच भाग आहे, त्याच्या आळसाचा नाही. म्हणून खेळात परतण्याआधी शाळेत आणि कामात परतण्याचा टप्पा धरायचा असतो. जगभरच्या तज्ज्ञांच्या शिफारशींतही विद्यार्थ्याने आधी अभ्यासात पूर्णपणे परतावं आणि मग पूर्ण खेळात, असाच क्रम आहे.

आता खुराकाचं गणित. पोराला पैलवान करायचं तर दूध, तूप, बदाम, फळं आणि तालमीतल्या मुक्कामाचा खर्च, हे सगळं बाप वर्षानुवर्षं उचलतो. त्यासाठी कुणी जनावर विकतं, कुणी उचल घेतं. यात्रेच्या मैदानात नेमलेली कुस्ती म्हणजे इनाम, आणि इनाम म्हणजे त्या खर्चातला थोडा परतावा. जरा मोठ्या वयात पोलीस भरती, सैन्य, रेल्वे, खेळाडूंसाठीच्या राखीव जागा यांची स्वप्नं असतात, आणि त्यासाठी एका विशिष्ट स्पर्धेत, एका विशिष्ट वर्षी उतरणं भाग असतं. अशा मुलाला ‘तब्येत आधी’ हे वाक्य पोकळ वाटतं, कारण त्याच्या हिशेबात तब्येत आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्याला उपदेश करून भागत नाही. एक कुस्ती सोडली म्हणून वर्ष वाया जाणार नाही अशी व्यवस्था त्याच्याभोवती उभी करावी लागते.

मुलींच्या वाट्याला याची उलटी बाजू येऊ शकते. मुलाला लवकर परत पाठवायची घाई, तर मुलीला परत पाठवूच नये असा आग्रह. डोक्याला लागलं एवढं निमित्त खेळ कायमचा बंद करायला पुरतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती घरी सांगतच नाही. लपवण्याची कारणं दोघांची वेगळी, पण लपवणं तेच.

हे लपवणं किती सर्रास आहे, याची मोजदाद अमेरिकेत झाली आहे. विस्कॉन्सिन राज्यात ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या एका गाजलेल्या पाहणीत, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, डोक्याला असा मार बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. सगळ्यांत मोठं कारण होतं, ‘एवढं काही गंभीर वाटलं नाही.’ त्यानंतर, ‘खेळातून बाहेर काढतील.’ तिसरं, आपल्याला कन्कशन झाली हेच कळलं नव्हतं. हुपरीच्या पोरांना विचारलं तर उत्तरं फार निराळी येतील असं मानायला जागा नाही.

लपवण्याची किंमतही मोजली गेली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, मार बसताच बाहेर काढलेल्या किशोरवयीन खेळाडूंना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले, आणि तसंच खेळत राहिलेल्यांना ४४. सामन्याची उरलेली काही मिनिटं खेळण्यासाठी तीन आठवडे जास्त गेले. हा आकडा प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लिहून ठेवावा इतका कामाचा आहे, कारण तो पोराला त्याच्याच भाषेत पटतो: लवकर परतायचं असेल तर लगेच बाहेर पड.

शिवाय त्या क्षणी खेळाडूचं मत विचारण्यात अर्थ नसतो. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरला डोक्याला मार बसला. तो काही वेळ खेळत राहिला आणि मग त्याने पंचांनाच विचारलं, हा अंतिम सामना आहे का? ज्या मेंदूला इजा झाली त्याच मेंदूला आपल्या इजेचा निवाडा करायला लावणं चूक आहे. निर्णय बाहेरच्याने घ्यावा, आणि त्या बाहेरच्याचा निकालाशी काही संबंध नसावा. वस्ताद कितीही माया करणारे असोत, कुस्ती त्यांच्याच पठ्ठ्याची असते.

यानंतरचा भाग कमी बोलला जातो: लक्षणं गेली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि तरी खेळाडू परतत नाही. शरीर आखाड्यात उतरतं, पण पट काढायला डोकं खाली घालायची वेळ आली की मान आपोआप मागे जाते. फुटबॉलपटू हेडरसाठी उडी मारतो आणि डोळे मिटतो. फलंदाज आखूड चेंडू येण्याआधीच मागे सरकतो. बाकीच्यांना हा भित्रेपणा वाटतो, आणि खेळाडूलाही स्वतःविषयी तेच वाटू लागतं. ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्हस्कीकडे या संदर्भात आदराने पाहायला हवं. भारताविरुद्ध जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत त्याने ६२ धावा केल्या. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसत गेला. मनाच्या त्रासासाठी आपण खेळातून रजा घेतल्याचंही तो उघडपणे बोलला. ती एकच कसोटी त्याच्या नावावर राहिली आणि एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने वैद्यकीय सल्ल्याने निवृत्ती घेतली. त्याच्यासारख्याच्या बाबतीत शरीराचं दुखणं कुठे संपतं आणि मनाचं कुठे सुरू होतं, ही रेघ डॉक्टरांनाही सहज ओढता येत नाही. आधीपासून चिंता किंवा नैराश्याचा त्रास असलेल्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागू शकतो, हे मात्र अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

पैलवानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. गावात त्याला नावापेक्षा ‘पैलवान’ म्हणूनच हाक मारतात. महिनाभर तालीम बंद झाली की दिवसाचा साचा, दोस्त, जेवणाची वेळ, आरशातलं अंग, सगळं एकदम सुटतं. त्याला अंधाऱ्या खोलीत एकटं पाडून ठेवायचा जुना सल्ला म्हणूनच दुहेरी नुकसान करतो. ॲमस्टरडॅमला २०२२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आपल्या शिफारशींत स्पष्ट केलं की पूर्ण अंधार, पूर्ण शांतता गरजेची नाही. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, आणि मग चालण्यासारखा हलका व्यायाम लवकर सुरू करावा. त्यापुढे सहा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस. तालमीच्या भाषेत त्या अशा मांडता येतील: रोजची साधी कामं, मग चालणं, सायकल, हळू धावणं, मग एकट्याने डावांची हालचाल, मग जोडीदारासोबत, पण अंगाला न भिडता सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनंतर खरी झोंबी, आणि शेवटी मैदान. पहिल्या तीन पायऱ्यांवर लक्षणं जोरात उलटली तर तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं; चौथीपासून पुढे लक्षणं आली तर परत तिसऱ्या पायरीवर. पण या प्रत्येक पायरीसाठी तो तालमीत आलेला हवा. कट्ट्यावर बसू दे, लहान पोरांना डाव शिकवू दे, माती खणू दे. वस्तादांनी त्याला रोज हजर ठेवलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. आणि चौथ्या-पाचव्या पायरीला मान मागे गेली तर हसायचं नाही. तो डाव हळू, ओळखीच्या जोडीदाराबरोबर, पुन्हा पुन्हा करून घ्यायचा.

धोक्याच्या खुणा पुस्तिकेत पुढे सविस्तर आल्या आहेत, तरी इथेही सांगायला हव्यात. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं करूनही न उतरणारी गुंगी, झटका, हातापायात अशक्तपणा, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांच्या आकारात फरक, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही; कोल्हापूरला सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठायचं. आणि पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित, पण विशेषतः किशोरवयात, मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो.

क्रिकेटला सात दिवसांचा नियम मिळायला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याच्या चेंडू लागून झालेल्या मृत्यूनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०१४ नंतर, दहा वर्षं लागली. गावच्या यात्रा कमिटीला तेवढं थांबायची गरज नाही. मैदानाजवळ एक डॉक्टर बसवायचा आणि डोक्याला मार बसल्यावर त्याचा शब्द शेवटचा, हे हलगी वाजायच्या आधीच जाहीर करायचं. राहतो तो इनामाचा आणि इज्जतीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आखाड्यापाशी आधीपासून आहे. वेळ सरली आणि कुणीच चितपट झालं नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात, इनाम दोघांत वाटतात, दोघांचे हात वर करतात, आणि निवेदक माइकवरून दोघांच्या तालमींची नावं घेतो. डॉक्टरांनी थांबवलेल्या कुस्तीलाही हाच रिवाज लावता येईल. त्यासाठी कमिटीची एक बैठक पुरे, आणि ती यंदाच्या यात्रेआधी घेता येते.